विश्लेषण : नेपाळच्या यात्रेला निघताना भीती नेमकी कशाची बाळगावी?

आईबाबांचे नेपाळचे बुकिंग झाले आहे. काशी, अयोध्या, गोरखपूर करून सोनौलीला सीमा ओलांडायची, मग लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू आणि परत. आगाऊ रक्कम भरली, स्वेटर ट्रंकेतून बाहेर आले, शेजारच्या काकूंनीही नाव दिले. आणि आता जेवताना घरातल्या कोणीतरी विचारले आहे, ‘पण तिकडे आता सगळे शांत आहे ना?’

प्रश्न रास्त आहे. त्यामागे सप्टेंबर २०२५ मधली दृश्ये आहेत. काठमांडूतली जळणारी संसद, धुराने भरलेले आकाश, बंद पडलेला विमानतळ. परंतु ‘हो, आता शांत आहे’ एवढ्या उत्तराने यात्रेकरूचे फारसे भागत नाही.

२३ ऑगस्ट २०२४ रोजी नेपाळ शांतच होता. त्या दिवशी दुपार व्हायच्या आधी पोखराहून काठमांडूकडे निघालेली एक बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली. बसमधले प्रवासी जळगाव जिल्ह्यातले, वरणगाव आणि भुसावळ परिसरातले भाविक होते. बसमध्ये ४३ जण होते, त्यातील २७ जणांचा मृत्यू झाला. तीन बसमधून निघालेल्या शंभरावर यात्रेकरूंच्या जथ्यातली ही एक बस होती. मृतदेह वायुदलाच्या विमानाने महाराष्ट्रात आणावे लागले. ना दंगल, ना संचारबंदी, ना बंद. होता तो एक घाटरस्ता आणि श्रावणातला पाऊसकाळ.

नेपाळला जाण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबाने या दोन्ही घटना शेजारी शेजारी ठेवून पाहायला हव्यात. पहिली आपल्या डोळ्यांसमोर राहते. दुसरी खान्देशाबाहेर बहुतेक जण विसरले आहेत.

व्हिसा लागत नाही, म्हणून परदेश नाही?

भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० चा शांतता व मैत्री करार आहे. दोन्ही देशांचे नागरिक एकमेकांकडे व्हिसाशिवाय ये-जा करू शकतात. सतराशे किलोमीटरहून लांब असलेली ही सीमा उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि सिक्कीम या पाच राज्यांना लागून आहे. सोनौलीची कमान ओलांडताना माणूस रिक्षातून किंवा चालतही पलीकडे जातो. पाट्यांवर देवनागरी, दुकानात ओळखीची बिस्किटे, समोरच्याला हिंदी कळते. घड्याळ तेवढे पंधरा मिनिटे पुढे करावे लागते. सीमा ओलांडली हे जाणवून देणारे एवढेच काय ते.

खरी सीमा दिसते ती काही बिघडल्यावर. रुग्णालयात दाखल करताना, पोलिसांत नोंद करताना, विमा कंपनीला फोन लावताना, मृत्यूचा दाखला घेताना. त्या क्षणी आपण परदेशात असतो आणि परदेशात जाताना करायची तयारी मात्र केलेली नसते. नेपाळच्या प्रवासातला हा सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. पासपोर्टवर शिक्का बसत नाही म्हणून ‘ही परदेशवारी आहे’ असे कुणाला वाटतच नाही. थायलंडला जाणारा माणूस विमा काढतो. मुक्तिनाथला जाणारे त्याचे वडील काढत नाहीत. आणि वय, रस्ता, उंची या तिन्ही बाबतींत जोखीम वडिलांची जास्त असते.

ओळखपत्राचेच घ्या. विमानाने नेपाळला जाणाऱ्या १५ ते ६५ वयोगटातील भारतीयांकडे वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र असावे लागते. या वयोगटात आधार कार्ड चालत नाही आणि विमानतळावरून परत फिरलेले प्रवासी दर हंगामात सापडतात. रस्त्याने जाताना तपासणी ढिली असते, हे खरे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये सीमेवर निर्बंध आले तेव्हा परतणाऱ्या भारतीयांना ओळख पटवूनच सोडले जात होते. झेरॉक्स घेऊन गेलेल्याची तेव्हा काय अवस्था होते, हे सांगायला नको. त्यामुळे मूळ कागद जवळ हवा. तो बसच्या डिकीतल्या बॅगेत नव्हे, अंगावर.

पैशांचेही तसेच. नेपाळमध्ये मोठ्या भारतीय नोटा चालण्याबाबतचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत. २०१८ च्या अखेरीस नेपाळने १०० रुपयांवरील भारतीय नोटांना बंदी घातली होती, ती पुढे सैल करण्याच्या हालचाली झाल्या. निघण्याच्या आठवड्यात सद्यःस्थिती विचारून घ्यावी आणि सीमेवरच थोडे नेपाळी रुपये घ्यावेत. दर ठरलेला आहे, १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये. मार्च २०२४ पासून तिथे फोनपेच्या क्यूआर कोडवर आपले यूपीआय चालू लागले आहे. ही सोय चांगलीच आहे. पण नेटवर्क गेले की तीही जाते, आणि अडचणीच्या वेळी नेटवर्कच सर्वांत आधी जाते.

सप्टेंबर २०२५ मध्ये पर्यटकांचे काय झाले?

४ सप्टेंबरला नेपाळ सरकारने फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूबसह २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. ८ तारखेला काठमांडूत तरुण रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला आणि त्या एका दिवशी १९ जणांचा बळी गेला. ९ तारखेला पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. त्याच दिवशी संसद, सिंहदरबार, सर्वोच्च न्यायालय पेटले. त्रिभुवन आंतरराष्ट्रीय विमानतळ बंद झाला, रात्री लष्कराने सूत्रे हाती घेतली. १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. या साऱ्यात सत्तरहून अधिक जणांचे प्राण गेले.

महाराष्ट्रातले शंभरावर पर्यटक तेव्हा नेपाळमध्ये अडकले होते. बहुतेक जण काही दिवसांत सुखरूप परतले. आंदोलकांचा राग राजकीय नेत्यांवर, सरकारी इमारतींवर आणि श्रीमंतीच्या प्रतीकांवर होता. पर्यटक हे लक्ष्य नव्हते. तरीही दोन गोष्टी घडल्या, त्या विसरता येत नाहीत. काठमांडूत एका मोठ्या हॉटेलला आग लावली गेली तेव्हा पशुपतिनाथाच्या दर्शनाला आलेल्या गाझियाबादच्या एका महिलेचा, जीव वाचवण्यासाठी वरच्या मजल्यावरून उतरताना मृत्यू झाला. आणि सीमेकडे परतणाऱ्या आंध्र प्रदेशच्या यात्रेकरूंच्या एका बसवर जमावाने हल्ला करून सामान लुटले.

या दोन घटना नीट पाहिल्या तर आपल्या काही ठाम समजुती डळमळतात. ‘मोठे हॉटेल म्हणजे सुरक्षित’ ही त्यातली पहिली. एरवी ते खरे असते, पण त्या दिवशी मोठी हॉटेलेच डोळ्यांत खुपली. दुसरी समजूत, ‘गडबड सुरू झाली की ताबडतोब निघावे’. ज्यांनी घाईने रस्ता धरला ते जमावाच्या वाटेत सापडण्याची शक्यता अधिक होती. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा ९ तारखेचा सल्ला नेमका उलट होता. नेपाळमध्ये असलेल्यांनी आहे तिथेच थांबावे, बाहेर पडू नये, आणि जे निघालेले नाहीत त्यांनी परिस्थिती निवळेपर्यंत प्रवास पुढे ढकलावा.

मात्र अशा उद्रेकाची चाहूल यात्रेकरूला आधी लागेल, अशी अपेक्षा ठेवू नये. ७ सप्टेंबरला काठमांडूत फिरणाऱ्या माणसाला दोन दिवसांनी सरकार उरणार नाही हे कळण्याची सोय नव्हती. ते खुद्द सरकारलाही कळले नव्हते. त्यामुळे ‘आधी अंदाज घेऊन मग जाऊ’ या विचाराला मर्यादा आहे. करता येण्यासारखे एवढेच की, हॉटेलात शिरल्यावर जिना कुठे आहे हे पाहून ठेवावे, ज्येष्ठांसाठी खालच्या मजल्यावरची खोली मागावी, आणि परतीच्या तारखेनंतर दोन-तीन दिवस पुरतील एवढी औषधे व रोकड जवळ ठेवावी. रक्तदाबाची गोळी मोजून दहा दिवसांची नेणारे लोक अनेक आहेत. संचारबंदीत औषधाचे दुकान उघडे नसते.

मग जास्त धोका कुठे?

रस्त्यावर. नेपाळमध्ये दरवर्षी दोन हजारांहून अधिक लोक रस्ते अपघातांत मरतात. सत्तरहून अधिक बळी घेणारा उठाव ही एकदाची घटना होती, हे बळी दरवर्षीचे आहेत.

इथे लगेच नाक मुरडण्याचे कारण नाही. एकट्या महाराष्ट्रात २०२३ मध्ये रस्ते अपघातांत पंधरा हजारांहून अधिक लोक दगावले. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर नेपाळची स्थिती आपल्याहून वाईट दिसत नाही. मुद्दा वेगळा आहे. घरी असताना आईबाबा दिवसाचे दहा तास बसमध्ये बसलेले नसतात. यात्रेत असतात, आणि तेही दरीच्या कडेने. धोका मोजायचा तो देशाच्या नावावर न मोजता घाटात घालवलेल्या तासांवर मोजावा.

पोखरा ते काठमांडू हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर, म्हणजे पुणे ते नाशिक एवढे. पण पृथ्वी राजमार्गाच्या रुंदीकरणाचे काम कित्येक वर्षे चालले आहे. कुठे डोंगर कापलेला, कुठे चिखल, कुठे एकेरी वाहतूक. जुलै २०२४ मध्ये चितवन जिल्ह्यातील सिमलताल येथे पहाटे साडेतीनच्या सुमारास दरड कोसळली आणि साठहून अधिक प्रवाशांसह दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. प्रवाशांत भारतीयही होते. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस झालेल्या अतिवृष्टीत देशभरात दोनशेहून अधिक जणांचा मृत्यू झाला. काठमांडूच्या वेशीवर धादिंग जिल्ह्यात रस्त्यात थांबलेल्या गाड्या दरडीखाली गाडल्या गेल्या. सोनौलीहून पोखराला जाताना बुटवलच्या पुढे लागणारा सिद्धबाबाचा टप्पा तर दगड कोसळण्यासाठी इतका कुप्रसिद्ध आहे की, तिथे एक किलोमीटरहून लांब बोगदा खणण्याचे काम हाती घ्यावे लागले.

या घटना घडल्या त्या महिन्यांकडे पाहा. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. नेपाळचा पावसाळा साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत असतो, क्वचित ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही जोर धरतो. आणि आपल्याकडून यात्रा निघतात त्या नेमक्या याच काळात. श्रावण असतो, पेरण्या उरकलेल्या असतात, शेतीतून थोडी उसंत मिळते. शिवाय नेपाळमध्ये हंगाम मंद असल्याने हॉटेले स्वस्त पडतात, म्हणून टूरवाल्यांचे दरही उतरतात. स्वस्त का मिळते आहे, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारत नाही.

श्रावणात देवदर्शन करू नये, असे कोण म्हणेल? पण पशुपतिनाथ कार्तिकातही तिथेच असतो. दिवाळीनंतरचे पाच-सहा आठवडे आणि मार्च-एप्रिल या काळात तेच रस्ते बरेच कोरडे असतात, डोंगरही दिसतात. नेपाळच्या प्रवासात सुरक्षिततेसाठी एकच निर्णय घ्यायचा असेल, तर तो महिन्याचा घ्यावा. तो घरी बसून घेता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. पडलेच तर हंगामाच्या दराचा फरक.

दुसरा निर्णय वेळेचा. डोंगरातला प्रवास उजेडात व्हावा. पावसाळ्यात धोक्याच्या पट्ट्यांत नेपाळचे प्रशासन रात्रीची वाहतूक वेळोवेळी बंद करते, ते उगाच नाही. जळगावच्या भाविकांची बस दिवसाढवळ्या कोसळली, हे खरे आहे. उजेड ही काही हमी नव्हे. पण रात्री दरड कोसळली तर चालकाला ती दिसतही नाही आणि मदत पोहोचायला सकाळ होते. दहा दिवसांत बारा ठिकाणे दाखवणारा कार्यक्रम रात्रीचा प्रवास केल्याशिवाय बसत नाही. कार्यक्रमपत्रिकेत ‘रात्री प्रस्थान’ किती वेळा लिहिले आहे, ते मोजावे.

विमानाने गेलो तर?

दोन वेगळ्या गोष्टींची इथे गल्लत होते. मुंबई किंवा दिल्लीहून काठमांडूला जाणारे मोठे विमान ही एक गोष्ट. काठमांडू–पोखरा किंवा पोखरा–जोमसोम असे नेपाळमधले छोटे विमान ही दुसरी. २९ मे २०२२ रोजी पोखराहून जोमसोमला निघालेले तारा एअरचे विमान डोंगरावर आदळले. २२ जणांत ठाण्यातील एकाच कुटुंबातील चौघे होते. १५ जानेवारी २०२३ रोजी यती एअरलाइन्सचे विमान पोखरात उतरता उतरता कोसळले आणि ७२ जण दगावले. तेव्हा हवामान स्वच्छ होते. पंख्यांचे नियंत्रण करणारे दांडे चुकून भलत्याच स्थितीत नेल्याने इंजिनांचा जोर गेला, असे चौकशीत पुढे आले. युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ मध्ये नेपाळच्या सर्व विमान कंपन्यांना आपल्या हद्दीत बंदी केली, ती त्यामुळेच चर्चेत राहिली.

तरीही रस्ता की छोटे विमान, याचे उत्तर सोपे नाही. पावसाळ्यात जोमसोमची विमाने वरचेवर रद्द होतात. एरवीही तिथे सकाळ सरली की दरीतून जोराचा वारा सुटतो, म्हणून उड्डाणे सकाळीच होतात. काठमांडूपर्यंत भारतातून विमानाने जाऊन सोनौलीचा व गोरखपूरचा बसप्रवास वाचवणे, हे बहुतेकांसाठी शहाणपणाचे ठरेल. त्यापुढे हवामान खराब म्हणून उड्डाण रद्द झाले, तर आयोजकाशी भांडू नये. त्या दिवशी तो आपल्यावर उपकार करत असतो.

मुक्तिनाथची उंची कुणी सांगितली होती का?

कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. मुक्तिनाथचे मंदिर ३७०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. पोखरा जेमतेम आठशे मीटरवर. म्हणजे पोखरात सकाळी चहा घेऊन निघालेला सत्तरीचा माणूस जीपने एका दिवसात जवळपास तीन हजार मीटर चढतो. हेलिकॉप्टरने गेला तर तासाभरात.

अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही, चालताना दम लागतो. यात्रेत ही लक्षणे ‘प्रवासाचा शीण’ म्हणून सोडून दिली जातात आणि तिथेच घात होतो. शीण विश्रांतीने जातो. उंचीचा त्रास वाढत गेला तर खाली उतरणे हाच उपाय. जाताना तातोपानी किंवा मार्फा अशा कमी उंचीच्या गावात मुक्काम करून शरीराला सवय करून देणे, दर्शन उरकून त्याच दिवशी खाली येणे, हृदयाचा किंवा दम्याचा आजार असल्यास निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारणे, एवढे तरी व्हायला हवे.

सरकारमार्फत होणाऱ्या कैलास-मानसरोवर यात्रेला वयाची अट आहे, दिल्लीत सक्तीची वैद्यकीय तपासणी आहे, ती पार न करणाऱ्याला परत पाठवले जाते. मुक्तिनाथची उंची कैलासच्या मार्गापेक्षा कमी आहे, हे मान्य. पण तिथे जाणाऱ्याचा साधा रक्तदाबही कुणी मोजत नाही. आयोजकाच्या अर्जात रक्तगटाचा रकाना असतो, तो बहुधा रिकामाच राहतो.

विम्याचे काय?

आपली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी बहुतेक वेळा भारतातील उपचारांपुरतीच असते. देशांतर्गत प्रवासाचा विमा नेपाळमध्ये चालत नाही. नेपाळसाठी परदेश प्रवासाचा विमा लागतो आणि तो सहज मिळतो. काढताना तीन-चार गोष्टी वाचून घ्याव्यात. वयाची मर्यादा किती आहे. मधुमेह, हृदयविकार असे आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का. हेलिकॉप्टरने हलवण्याचा आणि दुर्दैवाने वेळ आलीच तर पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च त्यात आहे का. उंचीची काही अट आहे का. दंगल किंवा सरकारने ‘जाऊ नका’ असा सल्ला दिल्यानंतर केलेला प्रवास अनेक पॉलिसींत वगळलेला असतो, तोही भाग पाहावा.

शेवटचा खर्च वाचायलाही नकोसा वाटतो, पण तो टाळू नये. एकाच वेळी पंचवीस माणसे गेली तेव्हा वायुदलाचे विमान आले. एकच माणूस गेला, तर असे विमान येईल हे धरून चालता येत नाही. तेव्हा दूतावास कागदपत्रांना मदत करतो, पण गाडी, शवपेटी, डॉक्टरांचे दाखले आणि सीमेपलीकडून गावापर्यंतचा प्रवास हे सगळे सोबत गेलेल्या पन्नाशीतल्या भाच्यावर किंवा गावाकडच्या मुलावर येऊन पडते.

आणि एक विमा गाडीचा. भारतीय वाहन विमा मुळात भारताच्या हद्दीपुरता असतो. नेपाळसह काही शेजारी देशांसाठी जादा हप्ता भरून हद्द वाढवून घ्यावी लागते, तशी नोंद पॉलिसीवर असते. नेपाळमध्ये शिरताना गाडीने तिथला जकात परवाना, म्हणजे ‘भन्सार’, काढलेला असतो. टूरवाले तो आवर्जून दाखवतात, कारण त्याशिवाय गाडी पुढे जात नाही. विम्याची वाढीव हद्द नसेल तरी मात्र गाडी पुढे जाते. म्हणून ती नोंद प्रवाशाने स्वतः पाहायला मागावी. स्वतःची मोटार किंवा बुलेट घेऊन निघणाऱ्या तरुणांनाही हे तितकेच लागू आहे.

आयोजकाला विचारायचे ते कधी?

आगाऊ रक्कम देण्याआधी. नंतर प्रश्न विचारण्याची ताकदच राहत नाही. गावोगावच्या यात्रा अनेकदा ओळखीवर चालतात. भजनी मंडळातले कुणी, निवृत्त गुरुजी, दरवर्षी ‘नेऊन आणणारे’ एखादे भाऊ. त्यांच्या सचोटीबद्दल शंका नाही. पण प्रयागराज किंवा गोरखपूरहून ठरवलेली बस कोणत्या चालकाची, त्याने तो डोंगरातला रस्ता याआधी किती वेळा चालवला, जोडीला दुसरा चालक आहे का, हे भाऊंनाही माहीत नसते. बसचा नंबर त्यांना सोनौलीच्या आदल्या रात्री कळतो. ‘भाऊ, गाडी कुणाची आहे?’ असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आपल्याकडे मानले जाते. ते मानणे बंद करायला हवे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पैशांचा आहे. रस्ता बंद झाला, इशारा आला किंवा बाबांना आदल्या दिवशी ताप भरला, तर किती रक्कम परत मिळणार? हे लेखी हवे. कारण ऐन वेळी ‘जावे की राहावे’ हा निर्णय हवामान पाहून होत नाही, भरलेले पैसे पाहून होतो. पंचवीस हजार रुपये बुडतील म्हणून दरड कोसळणाऱ्या रस्त्यावर निघालेली माणसे मूर्ख नसतात. त्यांनी ते पैसे वर्षभर भिशीतून साठवलेले असतात. म्हणूनच ही अट सुरुवातीलाच ठरवून घ्यायची.

सरकारची जबाबदारी इथे येते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची टूर आयोजकांना मान्यता देण्याची योजना आहे, पण ती ऐच्छिक आहे. गावातून पन्नास-शंभर माणसे परदेशात नेणाऱ्याने त्यांची नावे, घरचे फोन, बसचा क्रमांक आणि विम्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात आगाऊ द्यावी, एवढा साधा नियम जळगावच्या अपघातानंतर व्हायला हवा होता. त्याला ना मोठा निधी लागतो, ना नवे खाते. प्रत्येक आपत्तीनंतर राज्याचा नियंत्रण कक्ष अडकलेल्यांची यादी फोनाफोनी करून बनवायला बसतो. ती यादी त्याच्या टेबलावर आधीच असायला काय हरकत आहे?

तिथे काही घडलेच तर?

भारतीय सिमकार्ड आंतरराष्ट्रीय रोमिंगशिवाय नेपाळमध्ये मुके होते. रोमिंग घ्यावे किंवा गटात निदान दोघा-तिघांकडे नेपाळी सिम असावे. पोलिसांसाठी १००, रुग्णवाहिकेसाठी १०२ आणि पर्यटक पोलिसांसाठी ११४४ हे तिथले क्रमांक आहेत. भारतीय दूतावास काठमांडूत लैनचौर येथे आहे, बीरगंजला वाणिज्य दूतावास आहे. त्यांचे आपत्कालीन क्रमांक दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेऊन कागदावर लिहावेत. फोनची बॅटरी संपल्यावर फोनमधला क्रमांक उपयोगी पडत नाही. तो कागद, मूळ ओळखपत्र, औषधांची यादी आणि विम्याचा क्रमांक एकाच पाकिटात घालून गळ्यात अडकवावा. आई म्हणेल, ‘शाळेच्या सहलीला निघाले आहे का मी?’ म्हणू द्यावे.

घरी राहिलेल्यांचेही एक काम आहे. कार्यक्रमपत्रिकेची प्रत, बसचा क्रमांक आणि सोबतच्या दोन प्रवाशांच्या घरचे फोन त्यांच्याकडे असावेत. बातमी आली की आधी व्हॉट्सॲपवर अफवा येतात, मृतांच्या याद्या येतात, त्यातली अर्धी नावे चुकीची असतात. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी एक फोन, आणि रस्त्याबद्दल एकच प्रश्न : उद्या किती वाजता निघणार आणि अंधार पडण्याआधी पोहोचणार का?

आईबाबांचे बुकिंग झालेले आहेच. ते जुलै-ऑगस्टचे असेल, तर आयोजकाला आज रात्रीच फोन करून कार्तिकातली तारीख मिळते का, ते विचारता येईल.